न दिसलेल्या प्राण्यांचा हिशेब

नकाशातील छटा

भारतातील प्राण्यांविषयीचे कोणतेही पुस्तक उघडले, तर त्यात बहुतेक प्राण्यांच्या वर्णनाबरोबर एक लहानसा नकाशा दिलेला आढळतो. नकाशाचा काही भाग रंगविलेला असतो. त्या छटेचा अर्थ एवढाच की, हा प्राणी येथे राहतो आणि छटेबाहेर राहत नाही. वाचक नकाशावर नजर टाकतो आणि पान उलटतो. ही छटा कोणी काढली, कशाच्या आधारावर काढली आणि छटेची कड जेथे संपते तेथे प्राणीही खरोखर संपतो काय, हे प्रश्न क्वचितच कोणाच्या मनात येतात.

वास्तविक हे प्रश्न विचारण्यासारखे आहेत. पूर्वीच्या काळी अशा नकाशांसाठी माहिती मिळे ती शिकाऱ्यांच्या रोजनिशांतून, जिल्ह्यांच्या गॅझेटियरमधून आणि संग्रहालयांत जमा झालेल्या कातड्यांवरून व कवट्यांवरून. जेथे शिकारी गेले, जेथे निसर्गाची आवड असलेला एखादा अधिकारी नेमला गेला, तेथील नोंदी विपुल झाल्या. जेथे कोणी गेलेच नाही, तेथे नकाशा कोरा राहिला. म्हणजे नकाशावर प्राण्यांच्या वस्तीबरोबर माणसांच्या भटकंतीचेही चित्र उमटत होते, आणि ही दोन चित्रे एकमेकांपासून वेगळी करण्याचे साधन कोणाजवळ नव्हते.

आज या छटेवर पुष्कळ काही अवलंबून असते. एखाद्या जंगलपट्ट्यातून रुंद रस्ता न्यावा की नाही, तेथे खाण सुरू करावी की नाही, वनरक्षकांच्या चौक्या कोठे उभाराव्यात, असे निर्णय घेताना तेथे कोणते प्राणी आहेत हे विचारले जाते. दोन अभयारण्यांना जोडणारा एखादा अरुंद पट्टा असेल आणि त्याविषयीच्या अहवालात ‘येथे वाघ आढळला नाही’ असे एक वाक्य आले, तर पुढच्या कागदावर त्याचे रूपांतर ‘येथे वाघ नाही’ या वाक्यात सहज होते. शब्दांचा फरक थोडा दिसतो. परंतु त्या थोड्या फरकावर एखाद्या जंगलाचे भवितव्य ठरू शकते.

‘आढळला नाही’ आणि ‘नाही’ या दोन विधानांमधील अंतर मोजण्याची एक पद्धत गेल्या काही दशकांत परिस्थितिविज्ञानात विकसित झाली आहे. तिला वास्तव्य-प्रतिमानांची पद्धत असे म्हणता येईल. प्रतिमान म्हणजे निसर्गातील एखाद्या घटनेची गणिताच्या भाषेत केलेली सुटसुटीत मांडणी. या पद्धतीतील मूळ कल्पना इतकी साधी आहे की, नाणेफेक ज्याला ठाऊक आहे त्याला ती समजावी.

दोन प्रकारच्या चुका

प्रथम अडचण काय आहे ती पाहू. चिमणी किंवा कावळा गावात आहे की नाही हे सांगण्यास फारसा प्रयास पडत नाही. परंतु आपल्या जंगलांतील बरेचसे सस्तन प्राणी रात्री हिंडतात, माणसाची चाहूल लागताच बाजूला होतात आणि विस्तीर्ण प्रदेशात विरळपणे राहतात. वर्षानुवर्षे जंगलात नोकरी केलेल्या माणसालाही वाघ मोजक्याच वेळा दिसतो. म्हणून अभ्यासकाला प्रत्यक्ष प्राण्याऐवजी त्याच्या खुणांवर विसंबावे लागते. धुळीत उमटलेले पंजाचे ठसे, वाटेवर टाकलेली विष्ठा, झाडाच्या बुंध्यावरील ओरखडे, या त्या खुणा होत. पण वाघ जेथून गेला तेथे जमीन खडकाळ असेल, आदल्या रात्री पाऊस पडून गेला असेल, किंवा पाहणाऱ्याचे लक्ष क्षणभर दुसरीकडे असेल, तर खूण असूनही नोंद होत नाही. प्राणी असून न आढळणे ही पहिल्या प्रकारची चूक होय.

दुसरी चूक याच्या उलट आहे. प्राणी नसताना तो असल्याची नोंद होणे ही ती चूक. आपल्या देशाने तिचा कटू अनुभव घेतला आहे. १९६६ मध्ये ओडिशातील वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी पंजाच्या ठशांवरून वाघ मोजण्याची रीत प्रचारात आणली. ठशावर काच ठेवून त्याची आकृती उतरवून घ्यावयाची आणि अशा आकृत्यांची तुलना करून वेगवेगळे वाघ ओळखावयाचे, अशी ती रीत होती. १९७२ मध्ये देशभर झालेल्या गणनेत १,८२७ वाघ असल्याचे सांगण्यात आले आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पुढील सुमारे तीन दशके हीच रीत चालू राहिली. प्रत्येक वाघाचा प्रत्येक ठसा ओळखता येतो आणि कोणताही वाघ सुटत नाही, असे तीत गृहीत धरलेले होते. या गृहीतकाची पडताळणी करण्याची सोय मात्र त्या रीतीत नव्हती.

राजस्थानातील सरिस्का या व्याघ्र प्रकल्पात काय घडले ते सर्वश्रुत आहे. कागदोपत्री तेथे डझनाहून अधिक वाघ नोंदलेले असताना २००५ मध्ये तेथे एकही वाघ उरला नसल्याचे निष्पन्न झाले. चोरट्या शिकारीने ते संपले होते. मध्य प्रदेशातील पन्ना येथेही २००९ मध्ये तीच गोष्ट उघड झाली. दोन्ही ठिकाणी पुढे दुसऱ्या जंगलांतून वाघ आणून सोडावे लागले. या घटनांनी एक धडा दिला. प्राण्यांविषयी केलेल्या कोणत्याही विधानाबरोबर ते विधान कितपत चुकीचे असू शकेल, हेही सांगितले पाहिजे. ज्या मोजणीत आपल्या चुकीचे माप घेण्याची व्यवस्था नाही, ती मोजणी कितीही कष्टाने केलेली असली तरी भरवशाची ठरत नाही.

पुन्हा पुन्हा जाण्याचे गणित

आता मूळ कल्पनेकडे वळू. एका मोठ्या जंगलाचे आपण १०० सारखे चौकोन पाडले आहेत, अशी कल्पना करू. प्रत्येक चौकोनात एखादा प्राणी, समजा अस्वल, आहे की नाही हे आपल्याला जाणून घ्यावयाचे आहे. अस्वले किती आहेत हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. चौकोनात ते आहे किंवा नाही, एवढेच विचारू. एका हंगामात प्रत्येक चौकोनाला आपण ३ भेटी देतो आणि प्रत्येक भेटीत खूण आढळली की नाही याची नोंद करतो.

काम संपल्यावर आपल्या वहीत पुढील हिशेब दिसतो असे समजा. १० चौकोनांत तिन्ही भेटींत खुणा आढळल्या. ३० चौकोनांत दोन भेटींत आढळल्या. आणखी ३० चौकोनांत एकाच भेटीत आढळल्या. उरलेल्या ३० चौकोनांत एकदाही काही आढळले नाही. साध्या पद्धतीने विचार करणारा मनुष्य म्हणेल की, ७० चौकोनांत अस्वल आहे आणि ३० चौकोनांत नाही.

परंतु वहीतील नोंदी यापेक्षा अधिक काही सांगत आहेत. ज्या ७० चौकोनांत अस्वल निश्चितपणे आहे, तेथेही ते प्रत्येक भेटीत आढळलेले नाही. फक्त १० चौकोनांत ते तिन्ही वेळा आढळले. म्हणजे अस्वल असतानाही रिकाम्या हाताने परतण्याचे प्रसंग आपल्यावर वारंवार आले आहेत. तसे असेल, तर काही चौकोनांत असा प्रसंग तिन्ही वेळा आला नसेल कशावरून?

येथे नाणेफेक उपयोगी पडते. एक नाणे ३ वेळा उडवले तर छापा आणि काटा यांच्या मिळून ८ जोडण्या संभवतात. त्यांपैकी एका जोडणीत तिन्ही छापे येतात, तीन जोडण्यांत दोन छापे, तीन जोडण्यांत एक छापा आणि एका जोडणीत एकही छापा येत नाही. म्हणजे प्रमाण १, ३, ३ आणि १ असे पडते. आता आपल्या वहीतील १०, ३० आणि ३० हे आकडे पाहा. ते १, ३, ३ याच प्रमाणात आहेत. याचा अर्थ अस्वल चौकोनात असताना ते एका भेटीत आढळण्याची संभाव्यता नाण्याच्या छाप्याइतकीच, म्हणजे निम्मी, आहे. आणि तसे असेल तर प्रमाणातील शेवटचा १, म्हणजे आणखी १० चौकोन, कोठेतरी असलेच पाहिजेत. ते अर्थातच त्या ३० कोऱ्या चौकोनांत दडलेले आहेत. म्हणून अस्वल ७० नव्हे तर सुमारे ८० चौकोनांत आहे आणि खरोखरीचे रिकामे चौकोन सुमारे २० आहेत.

या विचारसरणीचे वैशिष्ट्य लक्षात घ्यावे. न आढळलेल्या अस्वलांविषयीची माहिती आपण आढळलेल्या अस्वलांच्या नोंदींतूनच मिळविली. ती मिळू शकली याचे कारण आपण प्रत्येक ठिकाणी एकाहून अधिक वेळा गेलो आणि प्रत्येक भेटीची नोंद वेगळी ठेवली. एकेकदाच जाऊन परत आलो असतो, किंवा तिन्ही भेटींचा गोळाबेरीज निष्कर्ष तेवढा लिहून ठेवला असता, तर ही वाट बंद झाली असती. त्या १० चौकोनांपैकी नेमके कोणते हे मात्र हे गणित सांगत नाही. ३० कोऱ्या चौकोनांपैकी कोणत्याही एकात अस्वल असण्याची संभाव्यता एक-तृतीयांश आहे, एवढेच ते सांगते. पण ‘नाही’ असे ठामपणे म्हणण्यापेक्षा ‘असण्याची संभाव्यता एक-तृतीयांश’ असे म्हणणे अधिक सत्य आहे आणि अधिक उपयुक्तही आहे.

प्रत्यक्षात आकडे इतके सुबक कधीच येत नाहीत. अशा वेळी संख्याशास्त्रज्ञ एका जुन्या तत्त्वाचा आधार घेतात. रॉनल्ड फिशर या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात ते सुस्पष्टपणे मांडले. वास्तव्याची संभाव्यता आणि आढळण्याची संभाव्यता यांची किती मूल्ये धरली असता आपल्या वहीतील नोंदी मिळण्याचा संभव सर्वाधिक ठरतो, हे शोधावयाचे आणि ती मूल्ये स्वीकारावयाची. शेकडो ठिकाणांच्या नोंदी असल्या तर हे काम संगणक करतो. तत्त्व मात्र नाण्याच्या उदाहरणातलेच असते.

प्राणी जितका दुर्लभ तितक्या भेटी अधिक लागतात, हेही यावरून उघड होते. एका भेटीत आढळण्याची संभाव्यता निम्मी असेल तर ३ भेटींत प्राणी निसटण्याची शक्यता ८ मध्ये १ असते. ही संभाव्यता पाचात एक एवढीच असेल, तर ३ भेटींनंतरही तो निसटण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक राहते. आणि ती शंभरात पाचाच्या खाली आणण्यासाठी १४ भेटी द्याव्या लागतात. घाईघाईने केलेल्या एका पाहणीवरून ‘येथे तो प्राणी नाही’ असे सांगणे किती धोक्याचे आहे, हे या आकड्यांवरून कळून येईल.

बेडकांपासून वाघापर्यंत

ही पद्धत आजच्या स्वरूपात २००२ मध्ये पुढे आली. डॅरिल मॅकेन्झी, जेम्स निकोल्स आणि त्यांचे सहकारी यांनी त्या वर्षी ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकात तिची मांडणी केली. उदाहरण म्हणून त्यांनी बेडकांच्या दोन जाती घेतल्या होत्या. अमेरिकेत वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर या शहरांच्या परिसरातील २९ पाणथळ जागांवर जाऊन बेडकांच्या आवाजाची नोंद करण्यात आली होती. ‘अमेरिकन टोड’ या खरखरीत कातडीच्या बेडकाचा आवाज २९ पैकी १० ठिकाणी, म्हणजे सुमारे ३४ टक्के जागी ऐकू आला. परंतु वारंवार दिलेल्या भेटींच्या नोंदींवरून हिशेब केला असता, तो जवळजवळ निम्म्या जागी असला पाहिजे असे दिसून आले. याउलट ‘स्प्रिंग पीपर’ हा चिमुकला बेडूक ८३ टक्के जागी ऐकू आला होता आणि त्याचा सुधारित अंदाज ८५ टक्के निघाला. म्हणजे एका जातीच्या बाबतीत साधी मोजणी पुष्कळच चुकली होती, तर दुसरीच्या बाबतीत ती जवळपास बरोबर होती. कोणत्या जातीच्या बाबतीत किती चूक होते हे आधी सांगता येत नाही. ते मोजावेच लागते.

बेडकांसाठी वापरलेली ही पद्धत भारतात वाघांसाठी वापरण्यात आली. कर्नाटकातील पश्चिम घाटाचा डोंगराळ, पावसाळी प्रदेश मलनाड या नावाने ओळखला जातो. नागरहोळे, बंडीपूर आणि भद्रा ही प्रसिद्ध अरण्ये याच भागात आहेत. परंतु त्यांच्याबाहेरही राखीव जंगले, कॉफीचे मळे आणि शेतीने वेढलेल्या टेकड्या यांचा विस्तीर्ण प्रदेश पसरलेला आहे. त्यात वाघ कोठे कोठे आहेत, हा प्रश्न होता. के. उल्लास कारंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ३८,३५० चौ. किमी. प्रदेशाचा अभ्यास हाती घेतला. मॅकेन्झी आणि निकोल्स हेही त्यात सहभागी होते.

प्रदेशाचे प्रत्येकी १८८ चौ. किमी.चे २०५ चौकोन पाडण्यात आले. चौकोन एवढा मोठा ठेवण्यामागे कारण होते. वाघाच्या फिरण्याच्या क्षेत्राहून चौकोन मोठा असला, तरच ‘या चौकोनात वाघ आहे’ या विधानाला काही अर्थ उरतो. चौकोन फार लहान केले तर एकच वाघ अनेक चौकोनांत मोजला जातो. मग पाहणी करणाऱ्यांनी जंगलवाटांवरून चालत वाघाच्या खुणा शोधल्या. सर्वांचे मिळून हे चालणे ४,१७४ किमी. झाले. येथे एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाण्याऐवजी वाटेचा प्रत्येक किलोमीटर ही एक स्वतंत्र भेट मानण्यात आली. शोध एकाच फेरीत होत असला तरी त्याचे तुकडे पाडल्यामुळे पुनरावृत्ती साधते आणि श्रमही वाचतात.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता. वाघाला राहण्याजोग्या २१,१६७ चौ. किमी. क्षेत्रापैकी सुमारे १४,०७६ चौ. किमी., म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश क्षेत्रात वाघाचे वास्तव्य होते. जेथे खूण मिळाली तेथेच वाघ आहे असे धरणाऱ्या जुन्या पद्धतीने हा अंदाज ४७ टक्क्यांनी कमी आला असता. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, वाघांच्या घरापैकी जवळजवळ निम्मा भाग नकाशावर कोराच राहिला असता. कोऱ्या भागावर कोणी हक्क सांगितला, तर वाघाच्या बाजूने बोलण्यास पुराव्याचा आधार उरला नसता.

गृहीतके आणि सावधगिरी

या पद्धतीचा आधार काही गृहीतकांवर आहे. ती ढिली पडली तर गणित कितीही काटेकोर असले तरी उत्तर चुकते. म्हणून त्यांचा विचार थोडा विस्ताराने करणे उचित होईल.

पहिले गृहीतक असे की, पाहणीच्या काळात चौकोनाची स्थिती बदलत नाही. पहिल्या भेटीच्या वेळी प्राणी तेथे होता आणि तिसऱ्या भेटीपूर्वी तो कायमचा निघून गेला, तर आपण त्याचे जाणे हे आपले न पाहणे समजून बसू. त्यामुळे सर्व भेटी एकाच हंगामात, शक्य तितक्या थोड्या अवधीत पूर्ण कराव्या लागतात. प्राणी चौकोनात ये-जा करीत असेल, तर उत्तराचा अर्थ ‘राहतो’ असा न घेता ‘वापर करतो’ असा घ्यावा लागतो.

दुसरे गृहीतक, भेटी एकमेकींपासून स्वतंत्र असाव्यात. नाण्याला मागच्या वेळी काय पडले याची आठवण नसते. वाघाची गोष्ट निराळी आहे. त्याला जंगलवाटेवरून चालणे आवडते आणि एकदा वाटेला लागला की तो बराच वेळ त्याच वाटेने जातो. त्यामुळे एका किलोमीटरमध्ये ठसे मिळाले तर पुढच्या किलोमीटरमध्येही ते मिळण्याचा संभव वाढतो. या अडचणीचा विचार करून जेम्स हाइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये गणितात आवश्यक ती सुधारणा केली. मागील तुकड्यात खूण होती की नाही हे लक्षात घेऊन पुढील तुकड्याची संभाव्यता ठरविली जाते. मलनाडच्या अभ्यासात हीच सुधारित पद्धत वापरलेली आहे.

तिसरे गृहीतक असे की, नसलेला प्राणी आढळल्याची खोटी नोंद होऊ नये. हे फार महत्त्वाचे आहे. मोठ्या बिबट्याचा ठसा लहान वाघाचा समजला गेला, तर एका चुकीने सबंध चौकोन रंगविला जातो. आढळला नाही या चुकीची भरपाई गणित करू शकते. चुकीच्या ओळखीची भरपाई मूळ पद्धतीत होत नाही. म्हणून शंकास्पद खूण सोडून द्यावी, असा दंडक पाळावा लागतो. त्या कोऱ्या नोंदीचा हिशेब पुढे होतोच. विष्ठेतील पेशींची जनुकीय तपासणी करून ती कोणत्या प्राण्याची आहे हे ठरविण्याची सोयही आता उपलब्ध आहे.

चौथी गोष्ट अशी की, आढळण्याची संभाव्यता सर्वत्र सारखी नसते. मऊ धुळीत ठसा उमटतो, पालापाचोळ्यावर उमटत नाही. अनुभवी वनरक्षकाला जे दिसते ते नवख्याला दिसत नाही. म्हणून वाटेची माती, पाऊसमान, पाहणाऱ्याचा अनुभव या बाबी प्रत्येक भेटीबरोबर टिपून ठेवतात आणि त्यांचा प्रभाव हिशेबात धरतात. त्या न टिपता दोन प्रदेशांची तुलना केली, तर खडकाळ प्रदेशात प्राणी कमी आहेत असा भलताच निष्कर्ष निघेल. तेथे कमी असतात ते ठसे.

कोठे याबरोबरच का

प्राणी कोठे आहेत हे कळल्यावर ते तेथेच का आहेत, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. ही पद्धत त्याचेही उत्तर शोधू शकते. प्रत्येक चौकोनात गवा, सांबर, चितळ, रानडुक्कर यांसारखे भक्ष्य किती आहे, गुरे किती चरतात, संरक्षण कितपत आहे, वस्ती किती जवळ आहे, ही माहिती गोळा केली जाते आणि तिचा वास्तव्याच्या संभाव्यतेशी संबंध लावला जातो. वाघाच्या बाबतीत भक्ष्याची विपुलता ही फार मोठी गोष्ट आहे. झाडे उभी आहेत परंतु हरणे मारली गेली आहेत, असे जंगल दुरून हिरवे दिसते. वाघाच्या दृष्टीने मात्र ते ओसाड असते. उपग्रहाने घेतलेल्या छायाचित्रात हा फरक दिसत नाही. तो पायी चालणाऱ्यालाच कळतो.

एकाच प्रदेशाची पाहणी काही वर्षांच्या अंतराने पुन्हा केली, तर आणखी एक दालन उघडते. पूर्वी रिकामा असलेला चौकोन आता व्यापला गेला आहे काय, आणि पूर्वी व्यापलेला आता रिकामा झाला आहे काय, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारता येतात. मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये यासाठी प्रतिमान तयार केले. एकूण क्षेत्र तेवढेच राहिले असले तरी एका बाजूने प्राणी नाहीसा होत आहे आणि दुसऱ्या बाजूने पसरत आहे, अशी स्थिती असू शकते. केवळ बेरजेवरून ती कळत नाही.

भारतात २००६ पासून दर ४ वर्षांनी सबंध देशातील व्याघ्रप्रदेशांची नव्या रीतीने पाहणी होऊ लागली. वनरक्षक वाटांवर चालून खुणांची नोंद करतात आणि निवडक ठिकाणी स्वयंचलित कॅमेरे लावून पट्ट्यांच्या रचनेवरून एकेक वाघ ओळखला जातो. २००६ च्या पाहणीतून देशात १,४११ वाघ असल्याचा अंदाज निघाला. तो २०१८ मध्ये २,९६७ पर्यंत गेला. या चार पाहण्यांच्या आधारे यादवेंद्रदेव झाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०२५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार वाघांनी व्यापलेले क्षेत्र सुमारे ३० टक्क्यांनी वाढून अंदाजे १,३८,२०० चौ. किमी. झाले आहे. भक्ष्याने समृद्ध आणि मनुष्यवस्तीविरहित संरक्षित अरण्यांत वाघ टिकून राहिले आणि तेथून जवळच्या, जंगलांनी जोडलेल्या प्रदेशांत ते पसरले. या प्रदेशांत सुमारे ६ कोटी माणसेही राहतात. याउलट सशस्त्र संघर्ष, आत्यंतिक दारिद्र्य आणि जमिनीच्या वापरात झालेले मोठे बदल ज्या भागांत आहेत, तेथे वाघ आढळत नाहीत किंवा नाहीसे झाले आहेत.

या निष्कर्षातील ‘जोडलेल्या’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. वाघ नव्या चौकोनात जातो तो वाटेतल्या चौकोनांतून. हे मधले चौकोन असे असतात की, तेथे वाघ थोडा काळ थांबतो आणि त्याच्या खुणा विरळ मिळतात. म्हणजे जेथे वाघ निसटण्याची शक्यता सर्वांत अधिक, तीच ठिकाणे त्याच्या प्रसारासाठी आवश्यक ठरतात. साध्या मोजणीने नकाशावरून प्रथम पुसली जातात तीही हीच.

पद्धतीच्या मर्यादा

कोणतेही साधन सर्व कामांस उपयोगी पडत नाही. वास्तव्य म्हणजे संख्या नव्हे. ज्या चौकोनात पिलांसह दहा वाघ नांदत आहेत आणि ज्यात एकच तरुण नर वाट चुकल्यासारखा हिंडत आहे, ते दोन्ही या हिशेबात सारखेच व्यापलेले ठरतात. दहाचे पाच झाले तरी चौकोन व्यापलेलाच राहतो. त्यामुळे संख्येतील घट उशिरा लक्षात येते. संख्या हवी असेल तर कॅमेऱ्यांनी ओळख पटवून करावयाच्या गणनेसारख्या निराळ्या आणि अधिक खर्चाच्या पद्धती वापराव्या लागतात. त्या काही शे चौ. किमी.च्या अरण्यात शोभतात, दहा-वीस हजार चौ. किमी.च्या प्रदेशात झेपत नाहीत. म्हणून मोठ्या प्रदेशासाठी वास्तव्याचा नकाशा आणि त्यातील महत्त्वाच्या ठिकाणी गणना, अशी कामाची वाटणी करणे श्रेयस्कर ठरते.

शिवाय, संभाव्यतेच्या भाषेत मिळालेले उत्तर पुष्कळांना अपुरे वाटते. शासनाला आणि न्यायालयाला ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे उत्तर हवे असते. परंतु वैद्याने रोगाचे निदान करताना बाळगावा तसा संयम येथेही आवश्यक आहे. एखाद्या जंगलपट्ट्याविषयी ‘तीन वेळा शोधूनही वाघाची खूण मिळाली नाही, तथापि तेथे वाघ असण्याची संभाव्यता अमुक एवढी आहे’ असे सांगितले, तर निर्णय घेणाऱ्याला दोन मार्ग मोकळे राहतात. संभाव्यता अगदी थोडी असेल तर तो निश्चिंतपणे पुढे जाऊ शकतो. ती लक्षणीय असेल तर तो आणखी शोध घेण्यास सांगू शकतो. जंगल तोडल्यानंतर हा दुसरा मार्ग उरत नाही.

या पद्धतीला महागडी उपकरणे लागतातच असे नाही. ठसे ओळखू शकणारे वनरक्षक, वाटा ठाऊक असलेले आदिवासी, सुटीत पक्षी पाहणारे विद्यार्थी, हे सर्व तिचे कार्यकर्ते होऊ शकतात. त्यांच्याकडून अपेक्षा एवढीच असते की, ठरल्या ठिकाणी ठरल्या वेळा जावे, जे निश्चितपणे ओळखले तेवढेच लिहावे आणि काही आढळले नाही तर तेही लिहावे. रिकाम्या हाताने परतलेल्या दिवसाची नोंद बहुतेक जण करीत नाहीत, कारण त्या दिवशी सांगण्यासारखे काही घडलेले नसते. वास्तविक ज्या नोंदींवरून नकाशातील छटेची कड ठरते, त्यांत या कोऱ्या दिवसांचा वाटा आढळलेल्या प्राण्यांइतकाच असतो.